दोन कुलुपांची गाडी

“दादाला स्वतः येऊन म्हणू दे. मग देतो चावी.”

भाचीच्या लग्नाची पत्रिका बबनने उघडलीसुद्धा नव्हती. अंबिकाने हळदीकुंकवाचं बोट लावून टीपॉयवर ठेवली होती, तशीच ती पडून होती, आणि पंख्याच्या वाऱ्याने तिच्यावरच्या अक्षता एकेक करून काचेवर उतरत होत्या.

“तो यायचा नाही. तुलाही ठाऊक आहे,” अंबिका म्हणाली.

“मग गाडीही यायची नाही. कोठाराला कुलपं दोन आहेत, ताई. माझं एकट्याचं उघडून काय करणार तू? दाराला ओवाळणार?”

“म्हणून तर दोघांकडे फिरतेय. आधी तुझ्याकडे आले.”

“धाकटा म्हणून, की ऐकेल म्हणून?”

“दोन्ही.”

बबनला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला. ही बहीण अशीच होती. नवरा गेला, भाईंदरच्या एका खोलीत राहून, शाळेच्या ऑफिसात खर्डेघाशी करून पोरगी वाढवली, पण कधी कुणापुढे रडगाणं घेऊन आली नाही. दिवाळीला नवघरला दादाकडे जायची तशी इथे बेव्हर्ली पार्कलाही यायची, दोन्ही घरी सारखेच लाडू न्यायची. त्या लाडवांत बबनने कधी डावंउजवं शोधलं होतं आणि सापडलं नव्हतं. तिच्यावर चिडायला जागाच नसे. म्हणून तो दादावर चिडायचा.

“सात वर्षांत त्या माणसाने माझ्या घराची पायरी चढलेली नाही,” तो म्हणाला. “बिल्डिंगला लिफ्ट आहे तरी.”

“तू तरी कुठे नवघरच्या सप्त्याला गेलास?”

“बोलावलं नाही.”

“कीर्तनाला बोलवावं लागतं? अण्णा असते तर तुझ्या तोंडात मारली असती.”

अण्णा म्हणजे या तिघा भावंडांचे वडील. पंढरीनाथअण्णा. मिठागराच्या चिखलात जन्म काढलेला माणूस. एकदा मुंबईला गेला तो कुलाब्याच्या एका पारशाकडून कॅडिलॅक घेऊनच परतला. अमेरिकेहून आलेली, छप्पन सालची, आकाशी रंगाची, पाठीमागे माशासारखे दोन पर वर काढलेली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली आणि छप्पर बटणाने उघडणारी. नवघरच्या रस्त्यावर ती मावत नव्हती. पालीचे कोळी तिला मचवा म्हणायचे. गावाने विचारलं, अण्णा, ही कशाला? अण्णा म्हणाले, सप्त्याच्या काल्याला स्टेशनवरून बुवा येतात, हरीचं नाव तोंडात घेऊन येतात, त्यांना टॅक्सीच्या पिंजऱ्यात घालून आणायचं? उघड्यावर बसू दे. वरच्यालाही ऐकू गेलं पाहिजे.

आणि घरातली लेक सासरी निघाली की तीही त्याच गाडीतून जायची. अंबिका गेली होती. मागच्या गादीवर ती, शेजारी अण्णा, आणि पुढे तेव्हाचे बुवा, गळ्यात वीणा तशीच. नवघरपासून खाडीपर्यंत ते गात होते. आईबापाच्या घरातून देवाच्या घरी निघालेल्या जीवाचं ते गाणं होतं. अंबिका रडत होती आणि वाऱ्याने पदर तोंडावर आला की हसतही होती. अण्णा कानाशी वाकून म्हणाले होते, तुझ्या लेकीला पण ह्याच्यातनंच धाडीन.

“अण्णांचा शब्द आहे, बबन,” ती म्हणाली. “त्यांच्यामागे तो कुणी पाळायचा? मी?”

आतून हितेश आला. बबनचा मुलगा. त्याने नुकताच लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा काढला होता आणि खांद्यावर कॅमेरा नसला तरी एक खांदा वर उचलूनच चालायचा.

“आत्या, काढा ना यार गाडी! पप्पा, आप भी ना! ओपन कॅडिलॅकमध्ये नीलमची विदाई. अख्ख्या मीरा रोडमध्ये असं फूटेज कुणाकडे नाही.”

“विदाई नाही रे, पाठवणी म्हण,” अंबिका म्हणाली.

“तेच. आणि एकदा बाहेर निघाली की मग...” त्याने बापाकडे पाहिलं. “मग लग्नांना देता येईल. लोक घोड्याला बोअर झालेत.”

बबनने पत्रिका उचलून उघडली. गाडी दादाकडे न जाता बाहेर निघते आणि हितेशच्या हाताला लागते, हे त्याला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

“शनिवारी दुपारी,” तो म्हणाला. “मी कोठारावर येतो. दादाला आण. पण हितेश काय म्हणाला ते त्याला सांगू नकोस.”

अंबिकाने मान हलवली. खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. या घराण्यात ते सगळ्यांनाच जमायचं.

*

“मना काय ती गाडी डोक्यावं घेऊन जायची हाय?” थोरला भाऊ पुंडलिक नवघरच्या घरी ओटीवर बसून सुपारी कातरत होता. “जवा मागितली तवा द्याला पायजे म्हंतू. आनी त्यो बबन? त्याने काय सांगितलान?”

“येतो म्हणालाय. शनिवारी.”

अडकित्ता थांबला. पुंडलिकला हे अपेक्षित नव्हतं. बबन नाही म्हणेल, मग आपण मोठ्या मनाने हो म्हणू, गाडी कोठारातच राहील आणि नाव बबनचं खराब होईल, असा त्याचा हिशेब होता. आता तोच पेचात सापडला.

“असा कसा एकदम आला त्यो लायनीवर?”

“अण्णांचं नाव काढलं मी.”

पुष्पलता चहा घेऊन आली. कप नणंदेच्या हातात देताना तिने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. “आवो, देवाच्या दारी बसता तुमी. सप्त्याचे पुढारी. आनी भाचीच्या लग्नाला गाडी देत न्हाय, असा गाव बोलल त मना पान्यावं जायाची चोरी होईल. वन्स, तुमी जा. ह्यांना मी आनते.”

“पानी नळाला येतं आता,” पुंडलिक म्हणाला.

“गाव बोलायचा थांबला नाय त्याने.”

तो हसला नाही. त्याला अण्णा गेल्यानंतरचा पहिला काला आठवत होता. बुवा स्टेशनवरून रिक्षात बसून आले. रिक्षावाला त्यांच्याशी हिंदीत हुज्जत घालत होता आणि बुवांच्या मांडीवर वीणा आडवी होती. दिंडी घेऊन पुढे उभा असलेल्या पुंडलिकला मान वर करवेना. कोठाराची एक चावी त्याच्या करगोट्यालाच होती. दुसरी मागायला बेव्हर्ली पार्कला जायचं, तर त्याची पायरी चढावी लागली असती, आणि बबनने दार उघडून ‘काय काम काढलंस’ म्हणून विचारलं असतं. तो गेला नाही. पुढच्या वर्षीही गेला नाही. मग बुवांना रिक्षाची सवय झाली.

वाटणीच्या वेळी सगळं सरळ झालं होतं. शेत निम्मं, मिठागराचा वाटा निम्मा, आईचे दागिने बहिणीला. गाडीपाशी गाडं अडलं. ती कापता येईना. दादा म्हणे माझ्या पडवीत ठेवू, देवाच्या कामाला लागते. बबन म्हणे पडवीत गेली की ती तुझीच झाली. शेवटी पंचांपैकी कुणीतरी म्हणालं, दोघांच्याही घरात नको, मिठाच्या कोठारात ठेवा, दोघांची दोन कुलपं लावा, आणि दोघं मिळून याल तेव्हा उघडा. सगळ्यांना बरं वाटलं. न्याय झाला होता.

“तुझी नीलम काय बोलते?” त्याने विचारलं.

“तिला गाडीचं काही नाही, दादा. ती म्हणते, रिक्षानेही जाईन. मला आहे.” अंबिकाने कप खाली ठेवला. “गाडीचंही नाही खरं तर. तुम्ही दोघं एकदा एका दारापाशी उभे राहा. बोहल्यावर तिला आणायला मामा लागतो. मला दोन आहेत. एकाला बोलावलं तर दुसरा येणार नाही, ही गोष्ट मी व्याह्यांना कशी सांगू? कोठारापाशी उभे राहिलात, तर मांडवातही उभे राहाल. एवढंच हवंय मला. माहेर मला एक हवंय. दोन नकोत.”

पुंडलिकने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. 

“येतू,” तो म्हणाला.

*

शनिवारी दुपारी खाडीवरून गरम वारा सुटला होता. मिठाचे ढीग पांढरेशुभ्र, डोळ्यांना पाहवत नव्हते. पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. कोठार बांधाच्या टोकाला होतं, कुडाचं आणि पत्र्याचं, आणि त्याच्या दारात अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच दोघं भाऊ उभे होते. मध्ये चार हात अंतर ठेवून.

अंबिकाने ओवाळायचं ताट आणलं होतं. नीलमला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. ती छत्री धरून आईच्या मागे उभी होती, आणि आईचा चेहरा असा उजळलेला तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कीर्तनात बुवांनी पूर्वरंग संपवून आख्यानाला हात घातला की मागच्या रांगेतल्या बायका जशा सावरून बसतात, तशी अंबिका उभी होती. हितेशच्या खांद्यावर कॅमेरा होता.

“चालू हाय काय रे ते?” पुंडलिकने विचारलं.

“हो काका. तुम्ही नॅचरल राहा.”

“बरा आहेस ना दादा?” बबन कोठाराकडे बघत म्हणाला.

“हाय. तू?”

“मस्त.”

पुष्पलताने अंबिकाला कोपराने ढोसलं. बघा, बोलले. अंबिकाने डोळे मिटून घेतले.

पुंडलिकने आपली चावी घातली. ती फिरेना. त्याने हलवली, थुंकी लावली, पुन्हा घातली. बबनने जरा हसून आपली घातली. तीही फिरेना. कुलपं दोन्ही लालभडक झाली होती, पोटात दगड झाल्यासारखी.

“तेल आणायला पाहिजे होतं,” बबन म्हणाला.

“सांगायचास ना मंग.”

“मी का सांगू? कुलूप तुझं आधी लावलेलं.”

“पप्पा, एक मिनिट,” म्हणत हितेशने कॅमेरा नीलमकडे दिला आणि कडी हातात धरून ओढली. जोर लावला असंही नव्हे. कडी, कोयंडा, दोन्ही कुलपं, सगळं एका झटक्यात त्याच्या हातात आलं. चौकटीत खिळ्यांच्या जागी चार तांबडी भोकं राहिली.

 हे दार केव्हापासून असं नुसतंच उभं होतं, कुणास ठाऊक. एखाद्या कुत्र्याने अंग घासलं असतं तरी उघडलं असतं.

आत गार होतं आणि वास खारट. ताडपत्री सगळ्यांनी मिळून ओढली. आणि गाडी दिसली तेव्हा नीलमच्या तोंडून “आई गं” निघालं, कारण ती तशीच होती. आकाशी. लांबच लांब. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन तिच्या परांवर पडलं होतं. पुंडलिकचे हात नकळत जुळले. बबनने दिव्यावरून तळवा फिरवला आणि तो म्हणाला, “दादा, आठवतं? रेल्वे फाटकातून जाताना गेटमन सलाम ठोकायचा.”

“आनी अण्णा उलटून रामराम करायचे,” पुंडलिक म्हणाला. “स्टेरिंग सोडून.”

दोघं हसले. खरोखर हसले. अंबिकाने ताटातलं निरांजन पेटवायला काडी ओढली.

“बस आधी तू,” बबन नीलमला म्हणाला. “मागे. नवरीची जागा.”

नीलमने दाराला हात घातला. दार उघडलं, मग खाली झुकलं, मग बिजागऱ्यांपासून सुटून मिठात पडलं, अगदी सावकाश. तिने पाय आत टाकला तो थेट जमिनीला लागला. गाडीला तळच नव्हता. गादी आत खचली होती. हितेश वाकून खाली बघायला लागला आणि बघतच राहिला. वरचं सगळं रंगाने धरलं होतं. खालचं सगळं मिठाने खाल्लं होतं. चाकांच्या वर जे काही लोखंड असतं त्याच्या जागी तांबूस पापुद्र्यांचे ढीग होते, आणि हितेशने बोट लावलं तसा एक ढीग कोसळला. गाडीने एक हुंकार दिला आणि एका बाजूला बसली.

“संपला माझा बिझनेस,” हितेश पुटपुटला.

“कसला बिजनेस?” पुष्पलताने मान वळवली.

हितेशच्या लक्षात आलं. उशीर झाला होता. “काही नाही काकी. म्हणजे... लग्नांना भाड्याने...”

“म्हंजे ह्याच्यासाठी तुमी तयार झाले, भावजी! नीलमच्या नावाने!” पुष्पलता अंबिकाकडे वळली. “आनी वन्स, तुमाला ठाव होता?”

अंबिकाच्या हातात काडी अजून जळत होती. ती बोटाला लागली तेव्हा तिने टाकली.

“होतं,” ती म्हणाली.

“बघा. मी ह्यांच्या पाठी लागून लागून आनला, आनी तुमी त्यांच्यातल्या!”

“मी कुणातलीच नाही, वहिनी.”

“भाड्याने!” पुंडलिक ओरडला. “देवाची गाडी! ज्यात बुवा बसायचे त्यात उद्या दारू पिऊन वराती नाचवल्या असत्यास तू!”

“आणि तू काय केलंस? बुवांना रिक्षातून आणलंस. चावी तुझ्या कमरेला होती ना?”

“दुसरी तुज्याकडं होती!”

“मागितलीस कधी?”

“तू दिली असतीस?”

“मागितलीस कधी?”

अंबिका गाडीपाशी खाली बसली होती. पडलेल्या दाराला हात लावून. अण्णा मिठागरावरून परत आले की पहिलं काम काय करायचे, ते तिला आठवत होतं. विहिरीचं गोडं पाणी. बादल्याच्या बादल्या. गाडीच्या पोटाखाली झोपून ते स्वतः धुवायचे आणि छोटी अंबिका वरून पाणी ओतायची. खार लागलाय बाय, म्हणायचे, खार राहिला की खातो.

तिने मान वर केली. “दादा, मिठागरात आपण लोखंडाचं फावडं कधी वापरलं?”

भावांचं भांडण मध्येच थांबलं.

“लाकडाचीच असतात ना सगळी अवजारं? का असतात? लहान पोराला विचारलं तरी सांगेल. आपल्या चार पिढ्या या खारात गेल्या. आणि आपण लोखंडाची गाडी आणून मिठाच्या कोठारात ठेवली.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “तेव्हा मी बायकांत बसले होते, मला कुणी विचारलं नाही. पण तुम्ही दोघं पंचांसमोर होतात. तुम्हाला सुचलं नाही?”

पुंडलिकने नजर फिरवली. त्याला सुचलं होतं. पंचाने ‘मिठाचं कोठार’ म्हटलं त्याच क्षणी सुचलं होतं, जिभेच्या टोकावर आलं होतं. पण बोलला असता तर बबन म्हणाला असता, बघा, पडवीत न्यायला बघतोय. म्हणून तो थांबला. बबन बोलेल, त्याला काय कळत नाही? मग आपण मान्य करू. रोज सकाळी देवळात टाळ धरताना एकदा तरी मनात येऊन जायचं, खार धरत असेल. आणि रोज तो पुढचा अभंग धरायचा.

“सुचलंवतं,” तो म्हणाला.

“मग?”

“मंग काय? मीच कनाला बोलू? ह्यो न्हाय बोलला.”

बबन तोंड पुसत होता. “मलाही माहीत होतं,” तो म्हणाला. “मी म्हटलं, मोठा आहे, तो काढेल विषय. मी काढला असता तर म्हणाला असता फ्लॅटच्या पार्किंगमध्ये न्यायचीय.”

“बोललूच असतू.”

“बघ.”

आणि हे बोलताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात शरम होती, पण शरमेखाली काहीतरी हलकं होत होतं. जे एकट्याने वाहिलं ते दुसऱ्यानेही वाहिलं होतं. चूक दोघांची होती, म्हणजे ती कुणाचीच नव्हती.

“तरी बंद होती तोवर होती,” बबन म्हणाला.

“मी तेच बोलतू,” पुंडलिकने मान डोलावली. “गावाला वाटत व्हता अण्णांची गाडी हाय. आता उद्या आख्खा नवघर बोलल, सोन्यासारकी गाडी दोघांनी सडवली.”

“झाकली मूठ होती. ताई, तुला सांगू, राग मानू नकोस. पण हा हट्ट तू केला नसतास तर...”

“माझा हट्ट.”

“मग कुणाचा? आम्ही आलो होतो उघडायला?”

“बायने उघडायला लावलान,” पुंडलिक म्हणाला. तो आता बबनच्या बाजूला येऊन उभा होता. चार हातांचं अंतर केव्हा मिटलं कुणाच्या लक्षात आलं नाही. “पोरीचा लगीन सादा केला असतास त काय झाला असता?”

पुष्पलताही त्यांच्यापाशी सरकली. “तेच बोलते मी. आनी भाड्याचा लपवलान वर.”

अंबिकाला वाटलं, हेच तर तिने मागितलं होतं. दोघं एका दारापाशी. तिने ते असं डोळ्यांसमोर आणलं नव्हतं इतकंच.

हितेशने समोरची जाळी ओढून पाहिली. ती घट्ट होती. “पप्पा, क्रोम वाचलंय. दिवे, जाळी, पुढचं मूर्तीसारखं ते. मुंबईत शौकीन असतात, घेतात.”

“दिवे देवळाच्या कमानीला लागतील,” पुंडलिक म्हणाला.

“दोन आहेत. एक तुला, एक मला.”

“आनी पुढची जाली?”

“ती बघू. भंगारवाल्याला काशीमिऱ्याहून बोलावतो, बाकीचं तो उचलेल. तू असशील ना उद्या?”

“असतू.”

नीलमने आईच्या दंडाला धरून तिला उठवलं. ताट हितेशच्या बॅगेपाशी राहिलं. बांधावरून चालताना नीलम एकदा मागे वळली. दोघं मामा वाकून, डोक्याला डोकं लावून, दिवा सोडवत होते.

“आई, रड ना,” ती म्हणाली.

“ऊन आहे फार,” अंबिका म्हणाली. “छत्री नीट धर.”

*

लग्न भाईंदरच्या एका हॉलमध्ये झालं. दोन्ही मामा वेळेवर आले, एकाच गाडीतून आले. सारख्या गुलाबी फेट्यांत सोफ्यावर शेजारी बसले, आणि एकमेकांच्या कानाशी लागून काहीतरी बोलून हसत होते. नवघरच्या म्हाताऱ्या अंबिकाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पोरी, तुझं पुण्य मोठं, भाऊ एक केलेस. पुष्पलता सगळ्यांना सांगत होती, आमच्या वन्संनीच जमवलान.

अंबिका सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती.

भटजींनी मांडवातून हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. पुंडलिक आणि बबन उठले. खोलीच्या दारापर्यंत आले. नीलम मुंडावळ्या बांधून उभी होती, हातात हार. शेजारी अंबिका.

“चल बाय,” पुंडलिकने हात पुढे केला. “मी उजवीकडं, बबन डावीकडं. ठरवलाव आमी.”

“थांबा,” अंबिका म्हणाली. “तिला मी नेते.”

“कुठे नेते?”

“बोहल्यावर.”

बबन जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, “ताई, तमाशा करू नकोस. लोक बघतायत. दोन दोन मामा असताना...”

“होते,” अंबिका म्हणाली.

पुष्पलताने तिचा पदर धरला. तिच्या डोळ्यांत खरीच भीती होती. “वन्स, तुमी... अवो असा करतात काय? तुमच्या कपाली...” पुढचं तिने गिळलं.

अंबिकाने पदर सोडवून घेतला, कुंकू नसलेल्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि नीलमकडे पाहिलं. ठरवून ठेवलं होतं असं नव्हतं. पोरीने नको म्हटलं असतं तर ती तिथेच थांबली असती, आणि भावांनी नेली असती, आणि सगळं नीट पार पडलं असतं. नीलमने हार एका हातात घेतला आणि दुसरा हात आईच्या हातात दिला. 

खुर्च्यांच्या मधून त्या दोघी चालत गेल्या. आधी कुजबुज झाली, मग ती बंद झाली, आणि बंद झाली ते जास्त वाईट होतं. नीलमच्या सासूने विहिणीकडे पाहिलं आणि नजर अक्षतांच्या वाटीत घातली. भटजी क्षणभर थांबले, मग त्यांनी अंतरपाट धरायला लावला आणि मंगलाष्टकं सुरू केली. बुवा असते तर काय म्हणाले असते, असं अंबिकाच्या मनात आलं. देवाला मामा लागत नाही, असं काहीतरी म्हणाले असते बहुतेक. पण बुवा माणसांच्या मांडवात उभे नव्हते. ती होती.

मागे वळून तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की खोलीच्या दारात पुंडलिक अजून तसाच उभा होता, हात पुढे केलेला, आणि तो खाली घ्यायचं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. जेवणाआधीच दोघं भाऊ आणि पुष्पलता निघून गेली. हितेश शूटिंग अर्धवट टाकून बापामागे गेला.

संध्याकाळी नवऱ्याकडची मारुती व्हॅन हॉलच्या दाराशी लागली. झेंडूची माळ तिच्या काचेवर चिकटपट्टीने लावली होती. नीलम आईच्या गळ्यात पडली, सुटली, पुन्हा पडली. व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा अंबिका पायरीवर बसली आणि मग मात्र ती रडली. तोंडाला पदर न लावता, लहान मुलासारखी.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या विमलाबाई तिच्याजवळ टेकल्या. “असं काय करता? लेक काय लांब दिलीत का तुम्ही? वसई. आत्ता गेलं तर तासाभरात भेटून येता येईल.”

“हो,” अंबिका म्हणाली. “जवळच आहे.”

नवघर तर त्याहूनही जवळ होतं.